सोळा नंबरची जर्सी

मंडळाच्या यंदाच्या अंकासाठी लेख मागायला दोन विद्यार्थिनी शाळेत आल्या, तेव्हा मी कोर्टाच्या पुसट झालेल्या रेघांवर रंग मारत होतो. "सर, तुम्ही आपल्या कॉलेजचे, मंडळाचे जुने सभासद. शाळेची टीम शून्यातून कशी उभी केली ते लिहा ना. सगळ्यांना प्रेरणा मिळेल." प्रेरणा म्हटलं की मला जरा धास्तीच वाटते. तरी हो म्हणालो. टीम कशी उभी राहिली ते लिहितो, पण तिच्या कपाटातल्या पहिल्या कपाबद्दलही लिहितो. ते टाळून बाकीचं सांगणं बरोबर होणार नाही.

२००८ साली मी इंदूरच्या मिल भागातल्या एका हायर सेकंडरी शाळेत खेळशिक्षक म्हणून लागलो. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, ते तुम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं असेल. माझ्याकडे येणारी बरीच मुलं तशाच घरांतली. कुणाचे वडील रिक्षा चालवायचे, कुणाचे सराफ्यात कारागीर, कुणाची पोह्यांची गाडी. शाळेच्या मागे सिमेंटचं कोर्ट होतं, पण त्याचा उपयोग सायकली लावायला. एका बाजूचा बोर्ड लाकडाचा, पावसाने फुगलेला. दुसऱ्या बाजूची रिंग पोरांनी लटकून लटकून वाकवलेली. चेंडू तीन, त्यातला एक हवा धरत नव्हता.

त्या वर्षी चौदा मुलं गोळा केली, दीड महिना पळवली आणि त्यातली बारा शहरातल्या आंतरशालेय स्पर्धेला नेली. पहिलाच सामना ५२–९ असा हरलो. नवातले पाच गुण तर फ्री थ्रोचे. परत येताना टेम्पोत पोरं गाणी म्हणत होती, मीच एकटा गप्प. एकाने विचारलं, "सर, पुढच्या वर्षी पण नेणार ना?" त्यांना हरल्याचं काही नव्हतं. शाळेच्या नावाची जर्सी घालून कुणीतरी बाहेर नेलं, याचंच अप्रूप.

त्या दिवसांत मला नेस्मिथच्या गोष्टीचा आधार वाटायचा. बास्केटबॉल हा खेळ मुळात एका शिक्षकाने वर्ग सांभाळण्यासाठी बनवलेला आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत, स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत, कॅनडातून आलेल्या जेम्स नेस्मिथकडे अठरा जणांचा एक उनाड वर्ग सोपवला होता. बाहेर थंडी, आत कवायतीचा कंटाळा. शाळेच्या शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या, त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. फुटबॉलचा चेंडू आणि तेरा नियम, झाला खेळ सुरू. पुढे नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात कोच झाला. तिथे त्याच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. खेळ ज्याने बनवला त्याचाच हा हिशेब, मग आपण ५२–९ चं काय घेऊन बसायचं?

तर टीम उभी कशी केली. पहिली चूक माझ्या लक्षात आली ती ही, की मी नववी-दहावीची मुलं धरत होतो. त्यांना दोन वर्षांत काही यायला लागेपर्यंत बोर्डाची परीक्षा, ट्यूशन, आणि घरून निरोप, "आता खेळ बंद." म्हणून सहावीपासून सुरुवात केली. सहावीच्या पोराला ३.०५ मीटर म्हणजे आकाश. तो चेंडू दोन्ही हातांनी कमरेतून फेकतो आणि तीच सवय लागते. मोहल्ल्यात मिलचे एक जुने फिटर काका होते. त्यांनी भंगारातले पाइप जोडून २.६० मीटरवर बसणाऱ्या दोन रिंगा बनवून दिल्या. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, "सर, वेल्डिंग विसरलो नाही ना, ते बघायचं होतं." लहानांना पाच नंबरचा छोटा चेंडू, मुलींना सहा, मोठ्या मुलांना सात. सिमेंटवर चामड्याचा चेंडू महिन्यात सोलून निघतो, म्हणून सगळे रबराचे.

सराव सकाळी सहाला. पहिले तीन आठवडे चेंडू कमी, पाय जास्त. पळत येऊन दोन पायांवर थांबायचं. एक पाय खिळ्यासारखा रोवून दुसऱ्यावर फिरायचं. बचावात पायाला पाय न लावता सरकायचं. पोरं वैतागायची. "सर, ये तो गरबा हो गया." मी त्यांना जॉन वूडनचं सांगायचो. ते आधी हायस्कूलमध्ये इंग्रजीचे शिक्षक आणि कोच होते, पुढे यूसीएलए विद्यापीठाला त्यांनी दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. तेही पहिल्या सरावाला मोजे कसे घालायचे आणि बूट कसे बांधायचे ते शिकवायचे, कारण मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की खेळाडू बसतो. ते यूसीएलएला १९४८ मध्ये रुजू झाले आणि पहिलं विजेतेपद १९६४ मध्ये मिळालं. आमच्याकडे तर निम्म्या मुलांना मोजेच नव्हते.

आणखी एक गोष्ट मी हट्टाने केली. शालेय सामन्यात झोन बचाव लावून पटकन जिंकता येतं. पाच पोरं रिंगखाली उभी करायची, समोरच्या लहान मुलांना लांबून बास्केट होत नाही, संपलं. पण त्यात आपली पोरं काही शिकत नाहीत. म्हणून दहावीपर्यंत माणसाला माणूस. ज्याचा त्याने धरायचा, चुकला तर कुणाचा सुटला ते सगळ्यांना दिसतं. या हट्टापायी आम्ही दोन-तीन सामने हरलो असू. पण चौथ्या वर्षी उपांत्य फेरीत पोचलो, आणि बाकीच्या शाळांचे कोच आमची मॅच बघायला थांबायला लागले.

इथे तुम्हाला नंबरांबद्दल सांगितलं पाहिजे. त्या वेळी आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जर्सीचे नंबर ४ ते १५ असायचे, आणि आमच्या स्पर्धेतही तेच चालायचं. टीममध्ये बारा खेळाडू, बारा नंबर. चार म्हणजे बहुतेक कॅप्टन. पंधरा शेवटचा. सोळा नसायचा.

आमचा पंधरा नंबर सहावीपासून माझ्याकडे होता. छोट्या रिंगेवर शिकलेल्या पहिल्या तुकडीतला. उंची बेताची, वेगही बेताचा, पण पास कुठे द्यायचा ते त्याला कळायचं. कोर्टाची किल्ली त्याच्याकडे. पावसाळ्यात मी पोचायच्या आधी तो पोत्याने पाणी ओढून कोर्ट कोरडं करून ठेवायचा. स्कोअरशीट भरायला मी त्याला आठवीतच शिकवलं होतं. त्याची वही बघून मीच माझी चूक दुरुस्त करायचो. २०१३ साली तो दहावीत होता. सतरा वर्षांखालच्या गटात कप मिळवायचा तर हेच वर्ष, असं सगळी शाळा म्हणत होती. मीही म्हणत होतो.

त्या जुलैत एक मुलगा दहावीत आला. सहा फूट दोन इंच. गावाकडचा, काकांकडे राहायला आलेला. उडी मारायची गरजच नाही, हात वर केला की चेंडू त्याचा. कागदावर वय सोळा. जन्माचा दाखला, टीसी, सगळं नीट. शाळेच्या व्यवस्थापनातल्या एका गृहस्थांनी मला बोलावून सांगितलं, "देवाने पाठवलाय असं समजा."

पंधरा दिवसांनी त्याचा भाऊ काही कामाने शाळेत आला. बोलता बोलता म्हणाला, "मैं छोटा हूं इससे, ग्यारहवीं में हूं." मी सहज वय विचारलं. सतरा पूर्ण. म्हणजे कागदावर धाकटा भाऊ थोरल्यापेक्षा मोठा. मी त्याला चहा पाजला आणि काही बोललो नाही. रात्री त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "सर, कागद बरोबर आहेत ना? कागद तुम्ही बनवले का? मग तुम्ही कोचिंग करा." मला हेच उत्तर हवं होतं, हे मला आज कळतं. नाही तर मी हेडसरांना विचारलं असतं. विचारण्यासाठी मी नेमका तोच माणूस निवडला.

बाराची यादी लावायची होती. तेरा मुलं होती. रात्री मी कागदावर नावं लिहिली, खोडली, परत लिहिली. खरं तर यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यात कमी गुण करणारा कोण ते उघड होतं. सकाळी यादी लावली. पंधरा नंबरपुढे नवं नाव. पोरं यादीपुढे गोळा झाली, कुणी काही बोललं नाही. तो जरा वेळ बघत उभा राहिला, मग माझ्याकडे आला. मी मनात वाक्यं तयार ठेवली होती: टीमसाठी, शाळेसाठी, पुढे अजून संधी आहेत. त्याने एवढंच विचारलं, "सर, मी उद्या यायचं का?"

मी म्हटलं, "अरे, येच की."

तो आला. रोज आला. किल्ली घेऊन आला. स्पर्धेत टेबलावर स्कोअरला माणूस कमी होता, तिथे मी त्याला बसवलं. अंतिम सामना आम्ही ६१–५४ जिंकलो. उंच मुलाने त्यात २७ गुण केले. त्यातला एकेक गुण पंधरा नंबरने आपल्या हाताने शीटवर मांडला. फोटोत तो नाही. फोटो बारा जणांचा, माझा आणि व्यवस्थापनाचा.

दुसऱ्या दिवशी कोर्टाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवलेली होती. त्यानंतर तो आला नाही.

दिवाळीनंतर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांची पोह्यांची गाडी, त्यांनी आग्रहाने प्लेट भरली, वर शेव, वर जलेबी. म्हणाले, "सर, पोरगा कधी तुमच्याविरुद्ध बोलला नाही बरं का." घास गिळेना. पोरगा आतून आला. मी म्हटलं, तुला एक सांगायचंय, त्या मुलाचं वय... त्याने मला पुरं बोलूच दिलं नाही. "माहीत होतं सर. त्याच्या भावाच्या वर्गात माझा मामेभाऊ आहे. यादी लागायच्या आधीपासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हालाही माहीत होतं ना सर. त्या दिवशी तुम्ही त्याच्या भावाला चहा पाजत होता. मी बघत होतो, तुम्ही काय करता ते."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी पाच वर्षं पोरांना सांगत होतो, तुमचा माणूस सुटला की सगळ्यांना दिसतं. माझा सुटला होता, आणि निदान एकाने तो बघितला होता. बाकी अकरा जणांतल्या किती जणांना माहीत होतं, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. पण त्या वर्षीनंतर सरावाला उशिरा येणारे वाढले. मी ओरडलो की मान खाली घालायचे आणि दुसऱ्या दिवशी परत उशिरा. कप कपाटात होता आणि टीम हातातून निसटत होती.

त्या उंच मुलाबद्दलही लिहायला हवं, कारण सगळ्यात कमी दोष त्याचा. उंची बघून त्याला एका शाळेने उचललं, मग दुसऱ्या, मग आम्ही. प्रत्येक ठिकाणी त्याला रिबाउंड शिकवला, पण दहावीतही त्याला हिंदीचा धडा अडखळत वाचता येई. तेवढ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं, माझंही. अकरावीत त्याने शाळा सोडली. पुढे एका मोठ्या शिबिराच्या निवडीत वयाची नीट तपासणी होणार म्हणून तो गेलाच नाही, असं ऐकलं.

पुढच्या जूनमध्ये मी तीन गोष्टी लिहून हेडसरांकडून सही करून घेतल्या. एक, नवीन मुलगा पहिलं वर्ष फक्त सराव करेल, टीममध्ये येणार नाही, तो कितीही उंच असो. दोन, वयाचे कागद मी आणि वर्गशिक्षक दोघे बघू, आणि शंका आली तर नाव जाणार नाही. तीन, यादी लावायच्या आधी मी प्रत्येक मुलाला समोर बसवून सांगेन की तो यादीत का आहे किंवा का नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत बघून "तू यंदा नाहीस" म्हणणं, आणि कारण खरं सांगणं. पण खोटं कारण असेल तर तोंडातून निघतच नाही, हा त्याचा फायदा.

पुढची तीन वर्षं आम्ही उपांत्य फेरीच्या पुढे गेलो नाही. व्यवस्थापनातले ते गृहस्थ भेटले की म्हणायचे, "सर, तत्त्व ठीक आहे, पण कप?" मी कोर्टाकडे बोट दाखवायचो. सकाळच्या तुकडीत आता चाळीस पोरं असायची, संध्याकाळी तीस मुली. मुलींची टीम २०१५ साली सुरू झाली. पहिला सामना त्याही मोठ्या फरकाने हरल्या, आणि परत येताना त्याही टेम्पोत गाणी म्हणत होत्या. नववीची मुलं सहावीच्या मुलांना पाय कसे सरकवायचे ते शिकवत होती, आणि बघता बघता मला सरावात फारसं ओरडावं लागेनासं झालं. २०१८ मध्ये मुलांनी परत कप आणला. बारापैकी दहा जण सहावीत छोट्या रिंगेवर सुरुवात केलेले. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन गाढ झोपलो. २०१३ मध्ये झोप आली नव्हती.

दरम्यान २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलला होता, आणि ४ ते १५ चं बंधन गेलं होतं. नव्या जर्सी शिवायला टाकल्या तेव्हा मी सोळा नंबरचीही एक सांगितली. शिंपी म्हणाला, "टीम तो बारह की है न, सर?" मी म्हटलं, असू दे. ती जर्सी कुणाच्या नावाची नाही. ज्याचं नाव यादीत थोडक्यात हुकतं, तो ती घालून स्पर्धेला येतो, टेबलाजवळ बसतो, आणि फोटोत उभा राहतो.

तो मुलगा त्यानंतर खेळला नाही. आता वडिलांच्या गाडीचं छोटं दुकान झालंय, तो ते सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कोर्टाच्या फाटकाशी आला, बरोबर बहिणीचा मुलगा. "सर, याला घ्या. मला यायला जमणार नाही, सकाळीच तर गिऱ्हाईक असतं. पण हा येईल." फाटकाच्या कडीकडे बघून म्हणाला, "किल्ली आता कुणाकडे असते?" मी सांगितलं, आठवीतल्या एका मुलीकडे. तो हसला आणि गेला.

२०१३ चा कप अजून कपाटात आहे. दर जूनमध्ये पहिल्या दिवशी मी नव्या मुलांना तिथे उभं करतो आणि ही सगळी गोष्ट सांगतो. मोजे कसे घालायचे ते दुसऱ्या दिवशी. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "मग सर, तो कप तुम्ही परत का नाही केला? समोरच्या टीममध्ये पण बारा जण असतील ना?"

इतकी वर्षं मी एकाच मुलाचा हिशेब करत होतो. समोरच्या बाराजणांचा विचार कधी केलाच नव्हता. त्या आठवड्यात त्या वेळच्या समोरच्या टीमच्या कोचना गाठलं. ते आता निवृत्त झालेत. सगळं सांगितलं. ते आधी गप्प राहिले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने हसले. "भिया, हमारे भी दो थे."

मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण घरी येताना त्या मुलीला काय सांगायचं ते सुचेना. शेवटी दुसऱ्या दिवशी जे झालं तेच सांगितलं, हसण्यासकट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडे पण दोन मुलं बाहेर बसली असतील."

मग चेंडू घेऊन छोट्या रिंगेकडे पळाली. सराव सुरू झाला होता.